उभयान्वयी अव्ययांचे मोल

इंग्रजीच्या अध्यापनात उभयान्वयी अव्यये केवळ रिकाम्या जागा भरण्यापुरती उरली आहेत, हे आम्हांस घातक वाटते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मुलांच्या कानांवर मराठी, हिंदी, सिंधी अशा अनेक भाषा पडतात. भाषेचे त्यांना भय नाही. तरीही इंग्रजी लिहिताना ती अडखळतात, आणि तीही शब्दांपाशी नव्हे, वाक्यांच्या सांध्यांपाशी. मराठीत ‘जरी’ आले की मागोमाग ‘तरी’ येते. त्या सवयीने मूल ‘ऑलदो’ने वाक्य आरंभून पुढे ‘बट’ही लिहिते, इंग्रजीस दोहोंपैकी एकच पुरते. ‘तो येत नाही तोपर्यंत’ यातील ‘नाही’ तसाच ‘अनटिल’नंतर उतरतो, वास्तविक तो नकार ‘अनटिल’च्या पोटातच असतो. अशा चुका बुद्धिमांद्यातून नव्हे, मातृभाषेच्या शिस्तीतून येतात. त्यांवर लाल फुली मारण्याऐवजी दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत.

एवढ्याशा शब्दाचे एवढे काय, असे कोणी विचारील. त्याने संविधानाचा अनुच्छेद १५ पाहावा. १९५१ साली, बाबासाहेब कायदामंत्री असताना, पहिल्या घटनादुरुस्तीने त्यात चौथा खंड आला. तेथे मागासलेपणाची ‘सामाजिक’ व ‘शैक्षणिक’ ही दोन विशेषणे ‘अँड’ने जोडली आहेत. १९६२ साली बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दोहोंपैकी एक मागासलेपण पुरेसे नाही, दोन्ही हवीत. त्याच खंडात अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख मात्र ‘ऑर’ने वेगळा केला आहे, ती दुहेरी कसोटी त्यांच्यासाठी नाही. एका ‘अँड’ने आणि एका ‘ऑर’ने प्रवेशाची दारे कोणासाठी उघडावीत हे ठरते, हे आमच्या मुलांनी शाळेतच जाणले पाहिजे.

शब्दसंग्रहाने मूल बोलू लागते. ‘बिकॉज’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ यांनी ते युक्तिवाद करू लागते. ज्या समाजाला आपला हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो, त्याला दुसरे कौशल्य अधिक निकडीचे आहे.

म्हणून रेल्वेत, बँकेत, न्यायालयांत असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती : सवडीच्या रविवारी वसतिगृहात यावे, एखादा कर्जाचा करार वा शासकीय आदेश आणावा, आणि त्यातील ‘अनलेस’ कोणावर कोणती अट लादतो ते मुलांना दाखवावे. इंग्रजी न येणाऱ्या माता-पित्यांनाही यात वाटा आहे. मूल सुटीत घरी आले की त्याच्या प्रत्येक विधानावर ‘का?’, ‘मग काय?’, ‘नाहीतर काय?’ एवढे मराठीत विचारावे. विचार जोडण्याची सवय प्रथम मातृभाषेतच लागते.