वृद्धाश्रमाची परीक्षा मागच्या खोलीत

"डॉक्टर, तुमच्या पाहण्यात एखादा चांगला वृद्धाश्रम आहे का?" हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोन-तीनदा तरी मला विचारला जातो. विचारणारा बहुधा दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर येतो, आवाज खाली आणतो आणि "एका ओळखीच्यांसाठी हवा होता" असे सांगतो. हे ओळखीचे म्हणजे स्वतःचे वडील किंवा सासूबाई, हे त्याला माहीत असते आणि मलाही.

माझे मत स्पष्टच सांगतो. आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवणे म्हणजे पाप, असे मी मानत नाही. नवरा-बायको दोघे नोकरीला, नातवंडे शिक्षणासाठी बाहेरगावी, ८४ वर्षांच्या सासऱ्यांना अर्धांगवायू आणि दिवसभरासाठी ठेवलेली बाई आठवड्यातून दोनदा दांडी मारणारी; अशा घराला "घरीच सेवा करा" असा उपदेश करणाऱ्याने आधी चार रात्री तिथे जागून दाखवाव्यात. मला राग येतो तो या लाजेचा. लाजेपोटी माणूस घाईने जातो, कार्यालयात अर्ज भरतो, पैसे मोजतो, डोळे पुसतो आणि निघतो. चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही असे त्याला वाटते. संस्था चालवणाऱ्यांनाही ही गोष्ट पक्की ठाऊक असते.

मग तो पाहतो तरी काय? कमान, बाग, विठ्ठल-रखुमाईचे छोटे मंदिर, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. व्हरांड्यात दोन-तीन टापटीप आजोबा पेपर वाचत बसलेले असतात. ते हसून नमस्कार करतात. पाहणाऱ्याचे मन भरून येते आणि परीक्षा तिथेच संपते. पण ते पेपर वाचणारे आजोबा स्वतः आंघोळ करतात, स्वतः जेवतात, औषधाची वेळ स्वतः पाळतात. त्यांच्या तब्येतीवरून संस्थेची सेवा कळत नाही. ती कळते मागच्या खोलीत, जो स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याच्या अंगावरून.

म्हणून पहिली चौकशी करायची ती ही, की इथे अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात का? आपल्याकडच्या पुष्कळ वृद्धाश्रमांच्या अर्जात 'स्वतःची कामे स्वतः करू शकणारे' अशी अट असते. ती वाईट नाही, प्रामाणिक आहे. मात्र आज चालत असलेली आई दोन वर्षांनी पडली तर ते ठेवतील, रुग्णालयात पाठवतील, की "घेऊन जा" असा फोन करतील, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्यावे. शहरांतून अलीकडे निघालेली सेवाकेंद्रे अंथरुणावरच्या माणसालाही घेतात आणि त्याचे जास्त पैसे आकारतात. तिथे मागच्या खोलीत जाऊ द्या असा आग्रह धरायला लाजू नये. सगळ्यांच्या खासगीपणाचा मान राखून एखादी खोली दाखवता येते. "तिकडे आत्ता साफसफाई चालू आहे" हे उत्तर दोन वेळा गेल्यावर दोन्ही वेळा मिळाले, तर तिसऱ्यांदा जाऊ नये.

आत गेल्यावर काय पाहावे? लघवीचा थोडा वास येणे साहजिक आहे. वीस म्हातारी माणसे राहतात तिथे कधी ना कधी तो येणारच. तो सकाळी आला आणि तासाभराने गेला तर काही बिघडले नाही. डोळ्यांत पाणी आणणारा फिनेलचा दर्प मात्र मला संशयास्पद वाटतो. पाहुणे यायच्या आधी ओतलेले फिनेल बरेच काही झाकते.

मग टाचा पाहाव्यात. नातेवाईक नेहमी चेहरा पाहतात, मी आधी चादर वर करून टाचा, खुबा आणि माकडहाडाची जागा पाहतो. ज्याला हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि शय्याव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोअर म्हणतो, ते होते. पुस्तकात लिहिले आहे की सुरुवातीला लाली दिसते आणि ती दाबून पांढरी पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथली कातडी काळपट दिसते आणि हाताला गरम किंवा घट्ट लागते. हवेची गादी आहे एवढ्याने समाधान मानू नये. गादी माणसाला कुशीवर वळवत नाही. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: शेवटच्या आजारात सगळी काळजी घेऊनही असा व्रण होऊ शकतो. पण संस्थेत तो कधी दिसला, केवढा होता, ड्रेसिंग कोण करते, हे विचारल्यावर चटकन सांगता आले पाहिजे. "अहो, म्हातारपणी होतेच" हे उत्तर नव्हे.

पाण्याकडे तर कुणाचेच लक्ष नसते. वय वाढले की तहान कमी लागते. त्यात "पाणी प्यायले की लघवीला न्यावे लागेल, बाई चिडेल" या भीतीने म्हातारी माणसे स्वतःच पाणी टाळतात. काही ठिकाणी डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून पाणीच हात राखून दिले जाते. मग बद्धकोष्ठ होतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो, माणूस असंबद्ध बडबडू लागतो आणि आपण म्हणतो, आईला वेड लागले. तेव्हा खाटेजवळचा तांब्या कुठे ठेवलाय ते पाहा. हात पोचणार नाही अशा फडताळात ठेवलेला भरलेला तांब्या रिकाम्या तांब्याइतकाच.

जमल्यास जेवणाच्या वेळी जावे. आडवे झोपवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. उठवून बसवून, हळूहळू भरवावे लागते. अर्धांगवायू झालेल्याला एका जेवणाला अर्धा तास सहज लागतो. एक बाई आणि भरवायची आठ माणसे असतील तर गणित तुम्हीच करा. रात्रीच्या जेवणाची वेळही विचारून ठेवा. स्वयंपाकीण लवकर घरी जाते म्हणून सहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता, म्हणजे पंधरा तासांचा उपास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याची साखर त्या वेळात पहाटे उतरू शकते. ग्लायबेनक्लामाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या तर म्हाताऱ्या माणसात फार वेळ साखर उतरवून ठेवतात.

वजनकाटा आहे का आणि वजनाची वही आहे का, हा प्रश्न साधा आहे. पण पुष्कळ व्यवस्थापक त्यावर गप्प होतात. महिन्याभरात वजनाच्या पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली तर डॉक्टरने लक्ष घालायलाच हवे. पन्नास किलोच्या आजींचे महिन्यात अडीच किलो. नुसत्या डोळ्यांना, सैल गाऊनमध्ये, ते दिसत नाही.

आता शांततेविषयी. "किती शांत वातावरण आहे!" असे म्हणून लोक खूश होतात. दुपारी चार वाजता वीसपैकी अठरा माणसे गाढ झोपलेली असतील तर मला ती शांतता बरी वाटत नाही. स्मृतिभ्रंश झालेला माणूस ओरडतो, फिरतो, रात्री दार उघडतो. त्याला सांभाळायला माणूस लागतो; माणूस नसला की गोळी दिली जाते. रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारखी औषधे काही रुग्णांना थोड्या दिवसांसाठी खरोखर लागतात. मीही ती लिहून देतो. पण स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००५ सालीच दिला आहे. गुंगीत माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि पुढचे सहा महिने काय होते ते मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून औषधांची वही मागावी. कोणती गोळी, कुणी लिहिली, कशासाठी, शेवटची कधी तपासली. खाटेला साडीच्या पट्टीने किंवा ओढणीने बांधलेला हात दिसला, तर हेच प्रश्न तिथेही. अमेरिकेने शुश्रूषागृहांसाठी १९८७ साली केलेल्या कायद्यात, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधून ठेवायला आणि औषधाने गुंगवायला, दोन्हीला एकाच कलमात मनाई आहे. दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत हे त्यांना कळले होते.

हे सगळे शेवटी येऊन थांबते ते माणसांच्या संख्येवर. समजा, दहा माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत. सकाळी दोन मावशी, दुपारी दोन, रात्री एक, म्हणजे दिवसाच्या पाच पाळ्या. आठवड्याच्या पस्तीस. एका बाईने आठवड्याला सहा पाळ्या केल्या तरी सहा बायका लागतात. त्यातली एक आजारी पडली, एकीच्या घरी लग्न निघाले, की सातवी हवीच. सात पगार, वर जेवण, डायपर, औषधे, वीज. कुणी अगदी नाममात्र पैशात ही सगळी सेवा देऊ म्हणाले तर तो मोठा दानशूर असेल किंवा रात्री तिथे कुणीच नसेल. 'रात्री कोण असते?' हे मालकाला विचारू नये, मावशीला विचारावे. तिलाच आणखी एक विचारावे: "तुम्हाला इथे किती वर्षे झाली?" माझ्या अनुभवात या एका उत्तराइतके खरे काही सांगणारे दुसरे काही नाही. माझ्या जाण्यातल्या एका संस्थेला पत्र्याचे छप्पर आहे, बाग नाही, मंदिरही नाही. तिथल्या मावशीला अकरा वर्षे झाली आहेत. कोणत्या आजींना डाव्या कुशीवर दुखते, कोणाचा चष्मा कोणता, कोण चहात बिस्किट बुडवल्याशिवाय खात नाही, हे तिला तोंडपाठ आहे. चष्म्याचे सांगायचे तर, एका चकचकीत केंद्रात मी सहा चष्मे एकाच खणात पडलेले पाहिले होते. कुणाचा कोणता हे तिथे कुणालाच सांगता येईना.

सरकार काय करते, असे कुणी विचारील. २००७ सालचा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे गरजू वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम शासन काढू 'शकेल', अशी त्याची भाषा आहे. 'शकेल' या शब्दात पुष्कळ काही मावते. वृद्धाश्रमांच्या सेवेचा दर्जा ठरवण्याचा अधिकारही त्याच कायद्याने राज्य सरकारला दिला आहे. पण सरकारी तपासनीस आला तरी वर्षातून किती वेळा येणार? तुम्ही महिन्यातून चार वेळा जाऊ शकता, आणि दर वेळी वेगळ्या वेळी.

ज्यांच्याकडे नियमित कुणी येते त्यांची उशी वेळेवर बदलली जाते, हे कटू आहे पण खरे आहे. आणि ज्यांचे कुणीच येत नाही, अशी एक-दोन माणसे प्रत्येक संस्थेत असतात. स्वतःच्या आईकडे गेलात की शेजारच्या खाटेवरच्या आजींची टाचही पाहून या. काही वावगे दिसले तर आधी व्यवस्थापकाशी बोला, तारीख घालून लेखी द्या. तेवढ्याने भागले नाही तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभर चालणारा मोफत क्रमांक आहे.

कवळीची निगा आणि तोंडाची स्वच्छता हा विषय याला जोडूनच घ्यायचा होता, पण जागा संपली. तो पुढच्या आठवड्यात.