निर्विकार की इमानी?

देवाच्या न बदलण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. अव्यय, अक्षर, अच्युत, अविकारी, निर्विकार, कूटस्थ, सनातन. मात्र ही सारी नाणी संस्कृतच्या टांकसाळीत पाडलेली आहेत आणि त्यांच्यावरचा ठसा मुख्यतः वेदान्ताचा आहे. 'विकार' म्हणजे मुळात बदल. पण बोलीत आणि साहित्यात तो शब्द मनाच्या क्षोभासाठी, वासनेसाठीही वापरला जातो. त्यामुळे 'देव निर्विकार आहे' असे म्हणताच मराठी वाचकापुढे जो देव उभा राहतो, त्याला आपल्या सुखदुःखाचे सोयरसुतक नसते. अशा देवाचे ध्यान करता येईल. त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार? ख्रिस्ती धर्मातील न बदलणाऱ्या देवाविषयी मराठीत बोलू लागताच ही अडचण समोर येते, आणि ती केवळ भाषांतरकाराची आहे असे मला वाटत नाही. कोणता शब्द निवडला यावर श्रद्धेचा आशयच बदलतो.

युरोपलाही ही अडचण आलीच होती. ॲरिस्टॉटलने मांडलेला, स्वतः अचल राहून सर्वाला गती देणारा चालक आणि हिब्रू संदेष्ट्यांचा रागावणारा, कळवळणारा, क्षमा करणारा देव यांची सांगड घालताना मध्ययुगीन ईश्वरशास्त्राने आपली सारी तर्कशक्ती पणाला लावली. दोन महायुद्धांनंतर तो प्रश्न अधिक बोचू लागला. ज्याला वेदना होऊच शकत नाही त्याला प्रेम तरी करता येईल का, असे जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी 1972 सालच्या आपल्या ग्रंथात विचारले. पण मला त्या वादात फार शिरायचे नाही, कारण त्याचे उत्तर मूळ वचनातच बरेचसे दडलेले आहे.

ते वचन मलाखी या संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात, सहाव्या ओवीत आहे. (बायबलच्या 'व्हर्स'ला 'ओवी' म्हणणारी मराठी ख्रिस्ती परंपरा मला फार प्रिय आहे.) तिथे परमेश्वर सांगतो की आपण बदललेलो नाही, आणि पुढे लगेच म्हणतो की म्हणूनच याकोबाची लेकरे नष्ट झालेली नाहीत. या 'म्हणूनच'कडे नीट पाहावे. देवाच्या स्वरूपाचे हे वर्णन नव्हे. करार मोडून बसलेल्या लोकांशी चाललेले हे बोलणे आहे. तुम्ही शब्द फिरवलात, मी फिरवला नाही, असा त्याचा सूर आहे. त्याच्या पुढच्याच ओवीत हा न बदलणारा देव लोकांना सांगतो की तुम्ही माझ्याकडे वळा, मग मीही तुमच्याकडे वळेन. जो कूटस्थ आहे तो वळेल कसा? वेदान्ताच्या परिभाषेत ही विसंगती ठरेल. करार पाळणाऱ्याच्या दृष्टीने यात कसलीच विसंगती नाही. दिलेला शब्द पाळायचा म्हणूनच कधी वळावे लागते, कधी थांबावे लागते.

हिब्रूत या स्थैर्यासाठी जो शब्द येतो तो 'एमुना'. त्याचा एक प्रयोग निर्गम ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आहे. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे उचललेले हात थकतात. अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या हातांच्या स्थिरतेला तिथे 'एमुना' म्हटले आहे. हे स्थैर्य दगडाचे नव्हे, थकलेल्या, तरीही खाली न येणाऱ्या हातांचे आहे. त्याच धातूपासून 'आमेन' झाला. आणि त्याच सेमिटिक धातूचा अरबीतला भाऊ फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इतका मुरला की तो परका आहे हेही आपण विसरलो: 'इमान'. खाल्ल्या मिठाला जागणारा तो इमानी, शब्द फिरवणारा तो बेइमान. 'निर्विकार देव' आणि 'इमानी देव' हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्याने कानाला थोडे दचकायला होते हे खरे, कारण इमान आपण नोकराचे, फार तर कुत्र्याचे मानतो. पण मलाखीला जे म्हणायचे आहे त्याच्या जवळ जाणारा शब्द तोच आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, 1922 साली झालेल्या मृत्यूपर्यंत, हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे जे व्रत घेतले, त्यामागे संस्कृत तत्त्वज्ञानाचा वास असलेल्या शब्दांविषयीची हीच सावधगिरी होती.

हे सारे कोशातले झाले. त्याची कसोटी पाहायची तर रायगडच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मलाखीला आपला मानणारे दोन समाज इथे शतकानुशतके शेजारी राहिले. अलिबाग परिसरातील बेने इस्राएल, म्हणजे गावाच्या भाषेत शनिवार तेली, हिब्रूचा जवळजवळ सारा ठेवा हरवून बसले होते. शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे मात्र त्यांनी जपले. दुसरा समाज कोर्लईचा.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर हे गाव आहे. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलला आले, 1594 साली त्यांनी कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला, आणि 1740 साली हा सारा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला. सत्ताधारी निघून गेले. गरीब स्थानिक ख्रिस्ती मागे राहिले. अवतीभवती हिंदू आणि मुसलमान वस्ती, सोयरीक आपसातच, त्यामुळे त्यांची पोर्तुगीजपासून झालेली बोली टिकली. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. 'क्रिश्ती' हेही तिचे नाव आहे. ती बोलणारे हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मराठीच्या विद्यार्थ्याने त्यातली एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी: या भाषेचे शब्द पोर्तुगीज आहेत, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येऊन बसले आहे.

या वस्तीच्या उपासनेतून काय काय बदलत गेले ते पाहा. राजा बदलला. मिस्सा लॅटिनमध्ये होती, धर्मोपदेश पोर्तुगीजमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली देशी भाषांना दार उघडल्यावर मराठी आली. घरात अजून तिसरीच भाषा. लॅटिन, पोर्तुगीज, क्रिश्ती, मराठी या साऱ्या भाषांतून एकाच देवाला हाक मारली गेली आणि त्या साऱ्यांत 'आमेन' तेवढा अनुवादाशिवाय राहिला. देवाचे न बदलणे विधीच्या न बदलण्यात किंवा भाषेच्या न बदलण्यात शोधायचे असते, तर कोर्लईची श्रद्धा कधीच संपली असती. ती संपली नाही, कारण भरवसा मंत्रावर नव्हता, मंत्र ऐकणाऱ्यावर होता.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पंढरपूरचा देव अचल आहे, पण उदासीनतेने नव्हे. भक्ताने थांब म्हटले म्हणून तो विटेवर थांबला आहे. थॉमस स्टीफन्सने 1616 साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचताना स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, रेव्हरंड टिळक अभंगातून ख्रिस्ताशी बोलले. या दोघांनीही देवाला ब्रह्मसूत्रांच्या वाटेने आणले नाही, पुराणाच्या आणि वारीच्या वाटेने आणले. ही निवड निव्वळ वाङ्मयीन नव्हती, असे माझे मत आहे. शब्द पाळणारा देव मराठीत कुठे राहतो, हे त्यांना कळले होते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला मोलाचा वाटतो. देव तोच आहे, मग भाषा गेली तर काय बिघडले? क्रिश्ती सोडून मुलांनी मराठीत, इंग्रजीत प्रार्थना केली तरी ऐकणारा एकच. असे बोलणे सोपे असते, विशेषतः ज्याची भाषा मरत नाही त्याला. पण इमानाचा अर्थ दुहेरी आहे. ज्या बोलीत कित्येक पिढ्यांनी नवस केले, मेलेल्यांसाठी विनवण्या केल्या, ती बोली हा त्या नात्याचा दस्तऐवज आहे. तो हरवल्याने देवाचे काही जात नसेल, माणसांचे जाते. न बदलणाऱ्या देवाचा हवाला देऊन माणसांच्या निष्काळजीपणाला क्षमा करून घेणे मला पटत नाही. बेने इस्राएलांना उरलेली एक 'शमा' पुरली, हे खरेच. म्हणून उरलेले हरवणे योग्य होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांना 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहावे लागले.

कोर्लईच्या घराघरांतल्या प्रार्थना, ओळखीच्या गोष्टी, लग्नातली गाणी परदेशी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी मात्र ती भाषा पोर्तुगीजांची म्हणून दारातच ठेवली. वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या या शेजारणीला आपल्या बोलींच्या अभ्यासपत्रिकेत एक प्रकरण द्यायला काय हरकत आहे? अलिबागहून कोर्लई तासाभराच्या अंतरावर आहे.