आस्वाद कोणाचा?

‘आस्वाद’ हा शब्द आपण कवितेच्या संदर्भात इतका योजतो की त्याचे मूळ जिभेशी आहे याचा विसर पडतो. काँगोमधील लुसांगा येथे पाम व कोको पिकवणाऱ्या मळेकामगारांची शिल्पे त्याची आठवण करून देतात. हे गाव पूर्वीचे लेव्हरव्हिल. साबणाचे उद्योगपती लेव्हर यांच्या पामतेल कंपनीने वसवलेले. या कामगारांनी २०१४ साली आपला कलासंघ स्थापन केला. नदीकाठच्या मातीतून ते मूर्ती घडवतात आणि त्यांच्या प्रतिकृती युरोपात चॉकलेटमध्ये ओतल्या जातात. २०१७ मध्ये त्या न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाल्या.

अशा मूर्तीसमोर रूप न्याहाळण्याआधीच गंध आपल्याला गाठतो, आणि ज्या पदार्थाची आपल्याला गोडी आहे तोच पिकवणाऱ्याचा चेहरा घेऊन उभा असतो. विक्रीच्या पैशातून संघ मळ्यांची जमीन परत विकत घेतो. हे अर्थकारण झाले, कलाविचार नव्हे, असे आपण म्हणाल. मला ते पटत नाही. ज्या आस्वादात पिकवणाऱ्याला वाटा नाही, तो अपुराच. माझी शंका वेगळी आहे: या उपक्रमामागे रेन्झो मार्टेन्स हा डच कलावंतही आहे, आणि मूर्तींची बाजारपेठ अजूनही समुद्रापलीकडेच आहे.