चक्कर म्हणजे नेमके काय?

भान हरपण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. चक्कर, भोवळ, घेरी, मूर्च्छा, फेफरे! साहित्यात ही श्रीमंती शोभते. दवाखान्यात मात्र ती रोग्याला महाग पडू शकते.

माझी एक विद्यार्थिनी फार वेळ उभी राहिली की कोसळायची. पडल्यावर हातपाय दोनचारदा झटकायची. घरच्यांनी ‘फिट’ म्हटले, नाकाशी कांदा धरला आणि मागाहून दोन वर्षे फेफऱ्याच्या गोळ्या चालल्या. सोयरिकीच्या वेळी हे सांगावे की लपवावे, या विवंचनेने तिची आई झुरत होती.

मग भेटलेल्या डॉक्टरांनी आधी तिच्या मैत्रिणीलाच बोलते केले. पडताना ती उभी होती का? आधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी? चेहरा पांढरा पडला? शुद्ध किती वेळाने आली? आडवी होताच मिनिटाच्या आत, असे उत्तर आले. मग ईसीजी काढला, निजवून व उभे करून रक्तदाब पाहिला. शेवटी पट्ट्यांनी बांधून ६०-७० अंशांत उभा करता येणारा पलंग. त्यावर तिची नाडी मंदावली, रक्तदाब उतरला आणि तीच भोवळ आली.

टॉमस ल्युइस यांनी १९३२ साली या प्रकाराला ‘व्हॅसोव्हेगल’ हे नाव रूढ केले. उभ्याने रक्त पायांत साचते. अशा वेळी काहींच्या मज्जातंतूंकडून उलटाच हुकूम सुटतो. हृदय मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते.

उपाय साधे आहेत. पूर्वखूण जाणवताच आडवे होऊन पाय उंचावर ठेवावेत. ते जमत नसेल तर पायांची अढी घालून मांड्या ताठ कराव्यात, मुठी आवळाव्यात. पाणी भरपूर प्यावे. मीठ मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावे. पडलेल्याला उठवून बसवू नये.

परंतु धावताना, निजलेले असताना किंवा छातीत धडधडून शुद्ध गेली, अथवा घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे विनाविलंब जावे.

त्या मुलीच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. आईला आता लपवायचे काही उरले नाही. म्हणून वाचकहो, घरात कोणी पडले तर ‘चक्कर आली’ एवढ्यावर थांबू नका. पाहिले ते ओळीने सांगा. परीक्षेत अशा वर्णनाला मी दहापैकी गुण देतो. दवाखान्यात त्यावरून औषध ठरते.