पेशंटला पालथं कोण करणार?

कॉलेजात कुणालाही विचारा, फिजिओथेरपी म्हणजे काय? उत्तर ठरलेलं! मॅच चालू असताना बॅग घेऊन मैदानात पळत जातो तो माणूस, नाहीतर आजीच्या गुडघ्याला शेक देणारी मॅडम. फुफ्फुसाशी त्यांचा काही संबंध असतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना व्हेंटिलेटर बनवायचं वेड लागलं होतं. अंबू बॅग दाबणारी मोटर, एक क्रँक, वर अर्डुइनो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. चेष्टा करत नाही, मुलांनी खरंच रात्री जागवल्या. पण आपल्या मेकॅनिकलवाल्यांचं असंच आहे, दुखणं दिसलं की आधी मोटरच सुचते. मे २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरचं प्रकरण हायकोर्टाच्या खंडपीठापुढे गेलं. एक बाजू म्हणे यंत्रं सदोष आहेत, दुसरी म्हणे चालवणाऱ्यांना नीट ट्रेनिंग नाही. खरं कोण, तो वाद बाजूला ठेवू. यंत्रामागे माणूस लागतो, एवढं त्यातून कळलं तरी पुरे.

आता मूळ मुद्दा. व्हायरल न्युमोनिया झालेला पेशंट दिवसरात्र उताणा पडून राहिला तर काय होतं? फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. त्यावर वरून हृदयाचा भार, खालून पोटाचा दाब. तिथल्या हवेच्या पिशव्या मिटतात, रक्त मात्र तिथूनच जास्त वाहत राहतं. म्हणजे पाणी आहे त्या वावरात पीक नाही! पेशंटला पालथं केलं की पाठीकडचा भाग उघडतो आणि हवा-रक्ताची गाठ पडते. २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या ४६६ गंभीर पेशंटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उताणे ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत ३२.८ टक्के दगावले. रोज सलग सोळा तास पालथे ठेवलेल्यांपैकी १६ टक्के. निम्म्याहून कमी! आणि त्यासाठी नवीन मशीन नाही. पण नळ्या लावलेल्या माणसाला फिरवायला चार-पाच जाणती माणसं लागतात. एक नळी निसटली की खेळ खलास.

शुद्धीवरच्या पेशंटला तर उशा पुरतात. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने घरच्या घरी पालथं झोपण्याची माहिती काढली होती. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवल्यावर तासभर नाही, गरोदर बाईने नाही. माझे मामा तेव्हा एका दवाखान्यात होते (नाव कशाला घ्या). ऑक्सिजन चालू, पण कुशीवर वळा असं सांगायलाही कुणी फिरकलं नाही. गल्लीतली एक ताई फिजिओथेरपी शिकत होती, तिने फोनवरून मामीला सगळं समजावलं. मामी तिला विचारत होती, "अगं, पण पालथं झोपल्यावर जीव घाबरा नाही का व्हायचा?" पहिल्यांदा झालाही. मग जमलं. मामा वाचले ते केवळ त्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण ते सांगणं एका शिकाऊ मुलीवर का यावं?

त्या काळात तीन गोळ्यांच्या यंत्रावर लोक तुटून पडले होते, कुणी फुगे फुगवत होतं. कोरडा खोकला असलेल्याची पाठ थोपटून फारसं हाती लागत नाही, कफ साचला असेल तर मात्र तो काढायची पद्धत असते. पेशंटला खाटेवर कधी बसवायचं, कधी चालवायचं, चालताना ऑक्सिजन घसरला तर कुठे थांबायचं, हे पेशंटागणिक बदलतं. ते ओळखणारा माणूस म्हणजे फिजिओ. आणि आजारातून उठलेल्याचे स्नायू आठवडाभर पडून राहून वितळलेले असतात, त्याची लढाई डिस्चार्जनंतर पुढे चालूच असते.

गंमत म्हणजे हा पेशा आपल्याकडे रुजला तोच एका व्हायरसमुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५२ सालीच तिकडे कोपनहेगनला पोलिओने श्वास थांबलेल्या पेशंटांना सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने बॅग दाबून जगवलं होतं. आपण २०२० मध्ये मोटर लावली ती तशाच हाताने दाबायच्या बॅगेला.

माझं म्हणणं इतकंच, की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचं काम जाणणारा फिजिओ पूर्णवेळ असला पाहिजे, साथ असो वा नसो. आपल्याकडे गळीत हंगामात पाचट पेटतं, धुराडी चालू होतात, दमेकरी तर बारमाही. त्याला काम कमी पडणार नाही. मशीनच्या उद्घाटनाला फीत असते, पोस्ट भरण्याला नसते, म्हणून ते राहून जातं.

आणि आपल्यापुरतं बोलायचं तर लोणीला प्रवरेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, एस्टीने जाऊन येता येतं. थंडीत होस्टेलच्या निम्म्या रूम खोकत असतात, तेव्हा तिथल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना मेस हॉलमध्ये तासभर बोलवावं, अशी रेक्टर सरांना विनंती आहे. गादी आणि पाच उशा आम्ही आणू. फायनल इयरवाल्यांनीही यावं. नळ्यांसकट पेशंटला दोनच माणसांत सुखरूप वळवता येईल अशी खाट, हा प्रोजेक्ट कुणी घेतंय का बघा.