गाळपाचा हिशेब ठेवतो, दवाखान्याचा कोण ठेवणार?



हंगाम सुरू झाला की रोज सकाळी फळ्यावर आकडे लागतात. काल गाळप किती टन, उतारा किती, कारखाना किती तास बंद आणि कशामुळे. ऊस आला नाही म्हणून की वाफ कमी पडली म्हणून. उतारा थोडा जरी घसरला तरी सभासद केमिस्टला जाब विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. पैसा आपला आहे.

दवाखान्याचा विषय निघाला की मात्र ही शिस्त आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. वार्षिक सभेत आरोग्यावर बोलणाऱ्यांच्या मागण्या ठरलेल्या असतात: सोनोग्राफीचं मशीन आणा, रुग्णवाहिका द्या, इमारत वाढवा. मशीन आल्यावर ते महिन्यातून किती दिवस चाललं, किती लोक परत पाठवले, हे विचारायला कोणी उभा राहत नाही. नारळ फुटला, फोटो निघाला, विषय संपला.

पहूर पेठ असो की कसबे, आपल्या गटातल्या माणसाचा पहिला आधार म्हणजे इथलं ग्रामीण रुग्णालय. हमरस्त्यावरचा अपघात, बाळंतपण, सर्पदंश, कपाशीवर फवारताना झालेली विषबाधा, असा रोगी आधी इथं येणार आणि न जमल्यास जामनेरला किंवा जळगावला जाणार. इथल्या डॉक्टरांवर वा परिचारिकांवर आमचा काहीएक आरोप नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. दवाखाना चांगला की वाईट, हे आपण ऐकीव गोष्टींवर ठरवतो. “काय भो, तिथं कोणी बघतच नाही,” असं एकानं चावडीवर सांगितलं की गाव तसं म्हणू लागतं. दुसऱ्याची सून सुखरूप बाळंत झाली की तोच दवाखाना देवासारखा. दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघांच्या बोलण्यावरून कारभार सुधारता येत नाही.

मोजणी नसली की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या तडाख्यात, जळगावच्या शासकीय रुग्णालयातून एक वृद्ध महिला रुग्ण २ जूनपासून बेपत्ता झाली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. आठ दिवस! अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. त्या दिवसांत कर्मचारी कोणत्या ताणाखाली राबत होते, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि कोण दोषी हे ठरवणं आमचं काम नाही. पण निलंबनानं माणसं बदलतात, पद्धत बदलतेच असं नाही. पाळी बदलताना वॉर्डातली माणसं मोजून ताब्यात घ्यायची, एक कमी भरला तर तिथंच थांबून शोधायचं, एवढ्या साध्या नियमानं हे त्याच दिवशी कळलं असतं. आपल्या यार्डात एखादी ट्रॉली रिकामी न होता राहिली तर काट्याच्या पावतीवरून पाळी संपायच्या आत पत्ता लागतो. उसाच्या ट्रॉलीला जी पावती आहे, ती आजारी म्हातारीला नसावी?

या मोजणीला शास्त्रात आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं आहे. नवं औषध शोधायचं नाही. असलेली सेवा कोणापर्यंत, किती वेळात, कशी पोचते आणि तिनं माणूस बरा होतो का, हे तपासायचं. महाराष्ट्रात याचे धडे आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली. रुग्णालय कसं हवं, हे त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आमच्या माणसाला आत घेतात आणि आम्हाला बाहेर ठेवतात. तेव्हा झोपड्यांसारखं, नातेवाईक सोबत राहू शकतील असं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. पुढं नवजात बाळं दगावतात त्यावर त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. को ८६०३२ पहिल्यांदा लावताना शेजारी जुन्या वाणाच्या सऱ्या ठेवून आपल्यातल्या शहाण्यांनी पारख केली, तसंच हे. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. आकडा होता म्हणून जगानं ऐकलं; नुसतं “आमचं काम चांगलं चाललंय” म्हटलं असतं तर तालुक्यानंही ऐकलं नसतं.

मोजणीतून कडू गोष्टीही कळतात. ऑपरेशनपूर्वी ठरलेल्या बाबी मोठ्यानं वाचून तपासायची यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ च्या अहवालाप्रमाणे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. तशीच यादी बाळंतपणासाठी उत्तर प्रदेशात १२० केंद्रांच्या अभ्यासात तपासली. कर्मचाऱ्यांची काम करण्याची रीत सुधारली, पण २०१७ मध्ये निकाल आला तो असा की मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे कागद भरला एवढ्यावर थांबू नये, शेवटी माणूस वाचला का तेही बघावं.

हे फक्त मोठ्या डॉक्टरांचं काम आहे असं कोणी म्हणेल, तर आपल्या खानदेशातच बघा. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. औषधं मिळाली का, बाहेरून आणायला सांगितलं का, हे गावकऱ्यांनीच विचारून नोंदवायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. सातपुड्यातल्या गावांना जे करता येतं, ते वाघूरकाठच्या आपल्याला का येऊ नये?

आता एक गोष्ट, जी आपल्या सगळ्यांच्या अंगाशी आहे. आपला ऊस तोडायला येणाऱ्या बाया. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये शासनानं समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. सहांतली एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. मोजलं नव्हतं तोवर ही गोष्ट कुजबुजीतच होती. आपल्या फडावर येणाऱ्या टोळ्यांतल्या किती बाया दवाखान्यात जातात, मुकादम सुट्टी देतो का, गरोदर बाईची नोंद कुठं होते? उसाच्या मोळीचा हिशेब आपल्याला तोंडपाठ, मोळी उचलणारीचा नाही.

तेव्हा पहूरसाठी आमची सूचना लहान आहे. नवं मशीन मागण्याआधी एक वर्ष मोजा. बाह्यरुग्णाला किती वेळ थांबावं लागलं. कोणतं औषध किती दिवस संपलेलं होतं. रक्तदाब-साखरेचा रोगी पुढच्या महिन्यात परत आला का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पुढं पाठवलेल्या रोग्याचं काय झालं. कागदावर “जळगावला पाठवले” एवढं लिहून आपलं काम संपतं, तो रस्त्यात गेला की बरा होऊन घरी आला, हे पाठवणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. मग तो शिकणार कशावरून?

हंगाम नसताना आपले चिटबॉय आणि हंगामी कारकून मोकळे असतात. त्यांतल्या दोघांना रुग्ण कल्याण समितीच्या मदतीला द्यावं. नोंदी डॉक्टरांच्या संमतीनं, रोग्याचं नाव बाहेर न जाऊ देता. आणि आकडे शिक्षेसाठी वापरायचे नाहीत हे आधीच लिहून द्यावं. भीती घातली की आकडे खोटे येतात. उताऱ्याचा आकडा वाढवून लिहिला म्हणून साखर वाढत नसते. पदं रिकामी असतील तर तेही त्यातून दिसेल, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाताना हातात निवेदनाबरोबर वर्षाचा तक्ता असेल.

या आशयाचा ठराव पहूर गटातर्फे येत्या वार्षिक सभेसाठी देत आहोत. ज्यांना अनुमोदक म्हणून सही करायची असेल त्यांनी गट कार्यालयात शेतकी मदतनीसांकडे करावी. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही तो लेखी द्यावा, म्हणजे सभेत त्यावर नीट बोलता येईल.