जाम इंजिन, उघडा लिंब आणि अनुदानाची वाट

जुनं ट्रॅक्टर जाम झालं की गावात दोनच सल्ले मिळतात. "भंगारात घाल", नाहीतर "एक्सचेंजमध्ये दे, नवं घे, हप्ते फेडू." आपल्या जालन्यात पहिला सल्ला तर फारच सोपा. एमआयडीसीतल्या भट्ट्यांना भंगार लागतंच, तीस वर्षं नांगरलेल्या इंजिनाची सळई व्हायला कितीसा वेळ? तिसरा सल्ला कुणी देत नाही, कारण त्यात कुणाचं कमिशन नाही. बहुतेक इंजिनं दुरुस्त होतात, राव.

इंजिन जाम होतं म्हणजे काय? ट्रॅक्टर दोन पावसाळे उघड्यावर उभं राहतं, सायलेन्सरवर झाकण नसतं, पाणी आत जातं आणि रिंगा लायनरला गंजून चिकटतात. जाणता मिस्त्री नोझल काढून आत डिझेल-ऑइल सोडतो, चार-पाच दिवस थांबतो, मग फ्लायव्हील मागंपुढं हळूहळू हलवतो. उतावळा मालक दुसरं ट्रॅक्टर जोडून ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो.

परवा भोकरदनकडं एक मिस्त्री लिंबाखाली इंजिन बांधताना पाहिला. फांदीला चेन पुली, घमेल्यात बोल्ट, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला क्रँक. ग्राइंडिंगसाठी तो जालन्याला नेऊन आणलेला. हात सोन्याचा, पण टॉर्क पाना नाही. हेडचे बोल्ट अंदाजानं आवळले. शेजारून टिप्पर गेला की धुरळा थेट उघड्या इंजिनावर. चिमूटभर माती बेअरिंगमध्ये गेली की सगळा खर्च पाण्यात, आणि पेरणी तोंडावर. दोष मिस्त्रीचा धरायचा?

नव्या ट्रॅक्टरला सरकारी अनुदान आहे. महाडीबीटीवर अर्ज करा, नंबर लागेपर्यंत वाट बघा, उरलेल्या रकमेला कर्ज काढा. सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्के झाला. चांगलंच झालं. पण त्या अनुदानात जुनं इंजिन बांधायचा खर्च बसत नाही. तीन एकरवाल्यानं त्यासाठी सावकार गाठायचा.

जुनं ट्रॅक्टर डिझेल पितं, धूर काढतं, असं म्हणतील. रिंगा झिजल्या की काढणारच. त्या बदलायच्या, एवढंच तर म्हणतोय! ब्लॉकच तडकला असेल तर खुशाल भंगारात घाला. एचएमटीवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. सरकारनं 2016 साली त्या कारखान्याला टाळं लावायचं ठरवलं, तेव्हापासून सुट्या भागांसाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवणं चालू आहे.

केंद्रानं 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात शेती अवजारं होती, पोर्टलही निघालं. पण लिंबाखालच्या मिस्त्रीला कुठला बोल्ट किती आवळायचा याचा साधा मराठी तक्ता कुणी दिला?

मागणी फार मोठी नाही. आयटीआयमध्ये डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिकचे ट्रेड शिकवतात. जिथं ते आहेत तिथलं वर्कशॉप सुट्टीच्या दिवशी माफक भाडं घेऊन गावच्या मिस्त्रींना उघडा. टॉर्क पाना, लायनर पुलर, बोअर मोजायचं गेज आणि धूळ न येणारी एक खोली, बस्स. पोरांनाही खरं इंजिन हाताळायला मिळेल.

मत मागायला येतील तेव्हा घोषणा नंतर ऐका. आधी विचारा, आमच्या तालुक्यातली ही खोली कधी उघडताय?